जखम न केलेला कोष

पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची पळापळ बघून ती खुर्चीवरून उठलीच.

फळमाशीच्या कोषाला लेसरने बारीकशी जखम करायची आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी तिकडे कशा धावतात ते मायक्रोस्कोपखाली टिपायचं, हे तिचं तीन वर्षांचं काम. पण हा कोष नुसता तुलनेसाठी ठेवलेला... याला जखम केलीच नव्हती! तरी चमकणाऱ्या पेशी एकाच जागी गोळा होत होत्या.

"जखमेशिवाय धावतात?"

मार्गदर्शक सरांना सांगायला तिने घाईघाईने फोन उचलला.

"माफ करा, माझा स्क्रूड्रायव्हर राहिलाय इथे."

दारात एक तरुण उभा. सकाळी लेसर दुरुस्त करून गेलेला इंजिनिअर. त्याची नजर पडद्यावर गेली आणि चेहरा पांढराफटक पडला.

"फोन ठेवा."

"का?"

"लेसरचा नेम तपासायला मी... खालची काच रिकामी समजून एकदा लेसर मारला. तिथेच."

ती पडद्याकडे वळली. "म्हणजे ही जखम — तुमची?"

"माझी. तक्रार करा, नोकरी जाईल तर जाईल. पण जखमेशिवाय पेशी धावतात, असं सरांना नका सांगू. उद्या तुमचं हसं होईल."

गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता! तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"वाचवलंत."

"आधी बुडवलंही मीच."

"हो, ते विसरणार नाहीये मी!"

पुढचे तीन आठवडे तो नेम तपासायला येत राहिला. दर खेपेला काहीतरी विसरायचा — टोपी, चष्मा, एकदा तर जेवणाचा डबा! ती रागवायची, तो हसायचा. मग काम संपलं, आणि तो यायचा थांबला. पेशी धावत होत्या. तिचं मात्र लक्ष दाराकडे.

महिन्याभराने तिने तक्रार नोंदवली : लेसर बंद.

तो धापा टाकत आला. तासभर यंत्र उघडून बसला.

"बिघाड काहीच नाही."

"माहितीये."

"मग तक्रार...?"

"खोटी." तिचे कान तापले. "तुमच्याशिवाय करमत नाही, असा रकानाच नव्हता त्या फॉर्मवर."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खणकन पडला. कितीतरी वेळ त्याला तो उचलायचं भानच नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली, "नाहीतरी विसरूनच जाणार आहात."

"छे! आज घेऊन जाईन." त्याने तो उचलून खिशात टाकला. "उद्या यायला आता... कारण नाही ना लागणार?"

तिने नुसतीच मान हलवली — नाही.