कोब्याखालची पोकळी

तानाबाई आली ती उंबऱ्यापाशीच जमिनीवर बसली. सरोजिनीताईंनी खुर्ची पुढे सरकवली, तरी ती उठली नाही.

"खुर्चीवर बसून रडाय येत न्हाय मला," ती म्हणाली.

सरोजिनी इनामदार या कोल्हापुरातल्या एकमेव खाजगी गुप्तहेर होत्या; निदान दारावरच्या पाटीचं तसं म्हणणं होतं. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला. मदतीला धाकटा भाऊ अप्पा, पोस्टातून नुकताच निवृत्त झालेला. चुकीच्या निष्कर्षावर तो सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि ताईंचा तेवढा वेळ वाचायचा.

"काल शालूबाईंच्या पायाखाली अंगणातला कोबा फुटला," तानाबाई सांगू लागली. "दळणाचा डबा घेऊन आत पडल्या. मांडीचं हाड मोडलं. सोमवारीच आमच्या मालकानी त्यो कोबा दुरुस्त केलता. त्येंचा पोरगा कृष्णातराव, त्येनं तक्रार दिली. सकाळपासनं मालकास्नी चौकीत बसवलंय. चारला फौजदार कोठडीत घालणार."

"कामात चूक झालेली नाही, अशी तुमची खात्री आहे?"

"तीस वर्सं गवंडीकाम केलंय त्येनी. कोठडीत जाऊन आलेल्या गवंड्याला कोण घरात घेतंय, बाई? आमचं हातच तुटलं."

सरोजिनीताईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. "अप्पा, चपला घाल."

तानाबाईचा नवरा केरबा चौकीच्या बाकावर बसला होता. बोटं चुन्यानं फुटलेली. ताईंनी विचारल्यावर तो शांतपणे बोलू लागला.

"कोबा दगडावाणी चांगला हुता. खालची माती बसली, म्हणून एका अंगाला चार बोटं खचला. पिराजी कंत्राटदार म्हणाला, सगळा फोडा आन् नवा घाला. मी म्हटलं, पोट खपाटीला गेलं म्हणून माणूस बदलायचा व्हय? धरणाच्या कामावर शिकलोय मी. कोब्याला भोकं पाडायची. चुना, माती आन् थोडं सिमेंट कालवून हातपंपानं खाली दाबायचं. कोबा आपसूक वर येतोय. पाणसळ लावून बघितली, एक बोटाचाबी फरक न्हाई."

"भोकं बुजवलीत?"

"सगळी. फकस्त भिंतीकडच्या एकाला लाकडी खुंटी ठोकली, हातोड्यानं, घट्ट. आठ दिसांनी जरा भर घालाय लागली तर."

"कोब्यावर पाणी मारायला सांगितलं होतंत?"

"न्हाई. बुजवलेल्या भोकांवर ओलं पोतं, बास. खालची भर आठ दिस कच्ची असती. तिच्यात पाणी शिरलं की ताक झालं म्हणायचं. हे सगळ्यांम्होरं सांगितलं. पिराजी हुता, कृष्णातराव हुतं, मागची बायडाबाई भिंतीवरनं बघत हुती."

शालूबाईंचं घर राजारामपुरीच्या पलीकडच्या नव्या वसाहतीत होतं. अंगणात मागच्या भिंतीलगत कोबा फुटून बैलगाडीच्या चाकाएवढा खड्डा पडला होता. ताईंनी वाकून पाहिलं. कोब्याखाली हात घालावा तिथे पोकळी. भर नव्हतीच.

बाकीचा कोबा शाबूत होता. प्रत्येक भोकाभोवती केरबानं सोमवारी काढलेलं गेरूचं वर्तुळ, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणसळीसाठी मारलेली गेरूची लांब रेघ. अप्पा नीट पाहायला म्हणून खाली बसला तो नेमका त्या रेघेवर. उठला तेव्हा पांढरंशुभ्र धोतर मागून तांबडं झालं होतं.

ताईंनी खड्ड्याशेजारची खुंटी दोन बोटांत धरली. ती अलगद वर आली.

पिराजी कंत्राटदार फाटकाशीच भेटला. नवा कोबा घालायचं माप घ्यायला आला होता.

"काम गेल्याचा राग आला असेल?" ताईंनी विचारलं.

"आला की. पर मंगळवारी आन् बुधवारी मी जयसिंगपूरला हुतो, लेकीच्या सासरी. जावयाला विचारा. काल दुपारी आलो." त्यानं आवाज खाली आणला. "खरा राग कृष्णातरावास्नी. ओव्हरसिअर माणूस, मला शब्द दिलता त्येनी. शालूबाई गल्लीदेखत म्हणाल्या, 'तुझ्या डिप्लोम्याला कोबा उचलाय येतोय का? केरबाला करू दे.' सगळी हसली. मीबी हसलो, खोटं कशाला बोलू?"

मागच्या सखल गल्लीत बायडाबाईचा म्हशींचा गोठा होता. ती शेणाच्या हातानंच बाहेर आली.

"व्हय, कोबा फोडीन म्हटलं हुतं मी. वर उचलला की पावसाचं पाणी माझ्याच गोठ्यात येणार. पर मला फोडाय सवड कुठं हाय? उलट माझंच नुकसान झालं. मंगळवारी सकाळी गोठ्यात पांढरा चिखल. बुधवारी त्येच्या दुप्पट. म्हस घसरली माझी. भिंतीवरनं हाळी दिली, तर कृष्णात व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला. नळी आपली चालूच."

"नळीचं तोंड कुठे होतं?"

"भिंतीच्या बुडाला आलतं. वरनं कसं दिसणार मला?"

कृष्णात घरीच होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आईच्या खोलीचं दार त्यानं ओढून घेतलं होतं.

"बाई, यात शोधण्यासारखं काहीच नाही," तो म्हणाला. "केरबानं सिमेंट कमी घातलं. अडाणी माणूस. पाणी मारू नका म्हणाला, यावरूनच ओळखा. नव्या सिमेंटला पाणी लागतं हे शेंबडं पोरही सांगेल."

"मग तुम्ही मारलंत?"

"मंगळवारी आणि बुधवारी, सकाळी सहा ते सात, नळाला पाणी असतं तेवढा वेळ. स्वतः नळी धरून. सबंध कोबा, कोपरा न कोपरा भिजवला. शाबूत कोब्यातून पाणी खाली जात नाही, हेही सांगून ठेवतो."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "नाही जात."

बाहेर पडताच अप्पा म्हणाला, "बायडाबाई. तिनं तर जवळजवळ कबूलच केलं."

"अप्पा, एक काम कर. चार वाजेपर्यंत धोतर बदलू नकोस."

चार वाजता शालूबाईंच्या खोलीत सगळे जमले. शालूबाई खाटेवर होत्या, प्लास्टरमधला पाय उशीवर. डॉक्टर म्हणाले होते, यापुढे काठीशिवाय चालणं कठीण. ताईंच्या निरोपावरून फौजदारांनी केरबाला आणलं होतं. तो दाराबाहेरच उभा राहिला. तानाबाई त्याच्याशेजारी. पिराजी आणि बायडाबाई खिडकीशी.

"माझ्याकडं वेळ कमी आहे," फौजदार म्हणाले.

"केरबाकडे त्याहून कमी आहे," सरोजिनीताई म्हणाल्या. "भर कच्ची होती म्हणून कोबा फुटला असता, तर भर खाली सापडली असती. तिथे काहीच नाही. मग ती गेली कुठे? बायडाबाईंच्या गोठ्यात. पांढरा चिखल म्हणजे केरबाचा चुना आणि माती. दोन सकाळी कुणीतरी ती धुऊन काढली."

"हे कुणीही केलं असेल," कृष्णात म्हणाला.

"नळाला पाणी सहा ते सात. त्या वेळी पिराजी जयसिंगपूरला. बायडाबाईंनी स्वतःच्या म्हशीखाली चिखल सोडला नसता. आणि नळी तुमच्या घरची, तुमच्या हातात. तुम्हीच म्हणालात."

"मी कोब्यावर पाणी मारत होतो."

"इथेच मी अडले. तुमचा बचाव झकास होता. नव्या सिमेंटवर पाणी मारणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे कोण बघतं? तासभर नळी चालू ठेवा, कुणी विचारत नाही. पण दोन दिवस तासतासभर सबंध कोबा भिजला असता, तर सोमवारच्या गेरूचं काय झालं असतं?" त्या वळल्या. "अप्पा, पाठ कर."

अप्पानं लाजत पाठ केली. कुणी हसलं नाही.

"रेघ आज इतकी ताजी होती. म्हणजे कोब्यावर थेंब पडला नाही. पाणी सगळं खाली गेलं, खुंटीच्या भोकातून. केरबानं हातोड्यानं ठोकलेली खुंटी मला दोन बोटांत काढता आली. आणि भोकात नळी बसवल्यावर ती धरायला माणूस लागत नाही. पेपर वाचता येतो."

कृष्णात आईच्या खाटेकडे वळला.

"कोबा दोन बोटं खचावा एवढंच होतं मनात," तो म्हणाला. "चारचौघांत दिसावं, मी म्हणत होतो ते बरोबर होतं. आई त्यावरून डबा घेऊन जाईल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि तक्रार?" फौजदारांनी विचारलं.

तानाबाई नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती.

"फौजदारसाहेब," शालूबाई म्हणाल्या, "कोरा कागद हाय?"

त्यांनी दिला. शालूबाईंनी तो मुलापुढे धरला.

"मला लिवता येत न्हाई. तू शिकलायस. लिव, काय केलंस ते."

"बाई, आम्ही घेतो लिहून," फौजदार म्हणाले.

"न्हाई. त्योच लिवणार." त्या मुलाकडे बघून बोलत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी पुसलं नाही. "गल्लीदेखत तुला हसले, ही माझी चूक. ती माझी मी भोगतीया. केरबानं का भोगायची?"

कृष्णातनं खिशातलं पेन काढलं. खाटेच्या कडेला कागद ठेवून तो लिहीत राहिला. पाच-सात ओळी लिहायला त्याला पाव तास लागला.

"आता वाच," शालूबाई म्हणाल्या.

तो पुटपुटत वाचू लागला. स्वतःचं नाव आलं तिथे थांबला.

"मोठ्यानं. बायडाबाई, खिडकी उघड ती. गल्लीला ऐकू जाऊ दे."

बायडाबाईनं खिडकी उघडली. कृष्णातनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.