झुंजारबाबाची खोळ

काशिनाथ गुरव दर शनिवारी झुंजारबाबाला शेंदूर फासायचा आणि फासताना कुणी मध्ये आलेलं त्याला खपायचं नाही. त्या शनिवारी मात्र त्याची स्वतःची मुलगीच मध्ये आली. ईश्वरीच्या हातात उलथन्यासारखं चपटं, लांब दांड्याचं एक यंत्र होतं. ते तिने देवापासून वीतभर लांब धरलं आणि सावकाश वरून खाली फिरवलं.

"शिवत नाहीये अण्णा, नुसतं बघतेय."

"बघायला डोळं कमी पडत्यात व्हय?"

कमीच पडत होते. झुंजारबाबा म्हणजे तळकोंडच्या वेशीवरचा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या नावाने उभारलेला कोरीव दगड. पण त्यावर काय कोरलं आहे ते गावातल्या एकाही जिवंत माणसाने पाहिलेलं नव्हतं. शेंदराचे थर चढून चढून त्याचा लालभडक गोळा झाला होता आणि गोळ्याच्या सगळ्यात फुगीर जागी चांदीचे दोन डोळे चिकटवलेले होते. इतर गावांत देवावरची शेंदराची खोळ जड झाली की आपोआप सुटते, आणि लोक ती वाजतगाजत नदीत सोडतात. तळकोंडात तसं कधी झालं नव्हतं. खोळीला जरा चीर दिसली की गुरव त्याच दिवशी तेल-मेण भरून ती बुजवायचा. खोळ सुटू द्यायची नाही, एवढीच गुरवांच्या घरातली शिकवण होती आणि का, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

यंत्राचं नाव स्तरदर्शी. त्यातून निघणाऱ्या लहरी शेंदूर, चुना, रंग सगळं पार करून दगडाला भिडायच्या आणि परतताना एकेका घावाची कुंडली घेऊन यायच्या. घाव कुठल्या बाजूने बसला, किती जोराचा, कशाचा, मारणाऱ्याची उंची किती, कुठला घाव आधीचा आणि कुठला नंतरचा, हे सारं पडद्यावर उमटायचं. या यंत्राने कलेच्या इतिहासाचे दिवस पालटले होते. एकेकाळी ज्या वर्गात चार डोकी आणि दोन पंखे असत तिथे आता प्रवेशासाठी झुंबड उडायची. अर्जदाराला विद्यापीठ महिनाभर यंत्र वापरायला देई आणि आपल्या गावातल्या एका वस्तूचं वाचन मागवी.

ईश्वरीला जिल्ह्याच्या गावी नर्सिंगलाही जागा मिळाली होती. ती घे, असं काशिनाथचं म्हणणं. "शेंदूर लावायला पदवी लागत न्हाई," तो म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर हसायचा. तिचं मन दोन्हीकडे ओढत होतं. पण त्या शनिवारी पडद्यावर दगड उमटला आणि ती जागच्या जागी खिळली.

खालच्या चौकटीत दोन माणसं होती. एक उभा, भाला रोवलेला. दुसरा आडवा, भाला छातीत घुसून पाठीतून बाहेर आलेला. उभ्याच्या मागे गुरांचा कळप होता आणि तो त्या गुरांना हाकून नेत होता. मधल्या चौकटीत अप्सरा त्या आडव्या माणसाला हाताला धरून वर नेत होत्या. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, एवढं ईश्वरीला ठाऊक होतं. म्हणजे वीर तो, जो खाली पडला. उभा होता तो त्याचा मारेकरी आणि शिवाय गुरं चोरणारा. आणि चांदीचे डोळे बसले होते ते नेमके या चोराच्या तोंडावर.

मग तिने ढालींवरची चिन्हं पाहिली. उभ्याच्या ढालीवर मोरपीस, आडव्याच्या ढालीवर कळंबाचं पान. मोरपीस हे वरल्या आळीचं देवक आणि कळंब खालल्या आळीचं. लग्नात दोन्ही देवकं मांडवात पुजलेली तिने शंभर वेळा पाहिली होती. आडव्या माणसाला तोंड नव्हतं. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते घणाने फोडलं होतं. नऊ घाव, सगळे एकाच हाताचे, आणि फुटलेल्या कडांना लगटून शेंदराचा पहिला थर.

आता हे तळकोंडात केवढं स्फोटक होतं ते समजून घ्यायला हवं. गावाची कथा अशी की झुंजारबाबा वरल्या आळीचा. गुरं चोरायला आलेल्यांशी तो एकटा लढला आणि खालल्या आळीचा त्याचा जोडीदार पाठ दाखवून पळाला. म्हणून दर चैत्रात जत्रेला खालल्या आळीतल्या एका तरुणाने देवाकडे पाठ करून सात पावलं चालायचं, ढोल वाजायचा, आणि अख्ख्या गावाने त्याला हसायचं. याला 'पाठीचा मान' म्हणत. मान म्हणायला लाज कशी वाटत नाही, असं ईश्वरीला लहानपणापासून वाटायचं, पण हसायची तीही.

तिने वाचन लिहिलं आणि पाठवून दिलं. शेवटी अटींचं एक लांबलचक पान होतं, ते तुम्ही-आम्ही वाचतो तसंच तिने वाचलं, म्हणजे न वाचताच 'मान्य' केलं. जत्रा झाली की अण्णांना नीट समजावून सांगू, असं तिने ठरवलं होतं. वाचन खुल्या नोंदवहीत चढेल आणि त्या गावच्या प्रत्येक फोनवर त्याची सूचना जाईल, हे त्या न वाचलेल्या पानावर होतं. अर्जदाराने प्रवेश नाकारला तर वाचन कायमचं पुसलं जाईल, हेही तिथेच होतं.

सूचना आली ती ऐन जत्रेच्या सकाळी, नकाराच्या अटीसकट. तिला प्रवेश मिळाल्याचंही त्यासोबतच कळलं, आणि तो स्वीकारायची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला.

पाठीच्या मानासाठी यंदा सार्थकची पाळी होती. खालल्या आळीतल्या हौसाकाकूंचा एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, गावातल्या पवनचक्क्या सांभाळणारा. ढोल सुरू झाला. सार्थक देवासमोर उभा राहिला आणि वळलाच नाही. त्याने फोन उंच धरला.

"ही बघा! पडलेला आमचा हाय, आन् चोर तुमचा! दोनशे वरसं आमाला चोराफुडं नाचवलंत!"

ढोल थांबला. वरल्या आळीचे मानकरी सयाजीतात्या गर्दीतून वाट काढत ईश्वरीपर्यंत आले आणि त्यांनी तिचा दंड असा आवळला की बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. "काढ फोन. परवेश नको म्हनून दाब. आत्ताच्या आत्ता, समद्यांम्होरं."

"दाबायचं न्हाई, ईश्वरी!" सार्थक ओरडला.

तिने फोन काढला. खरं बोलायचं तर त्या क्षणी तिने दाबलंच असतं. पण सार्थकने कुणाच्या तरी हातातली पहार हिसकावली आणि चौथऱ्यावर उडी मारली. "शेंदूर काढा, मंग कळंल कोन कोन हाय!" पहिल्या घावाला खोळ तडकली. दुसऱ्या घावाला ती डोक्यापासून पायथ्यापर्यंत एकसंध सुटली, चांदीच्या डोळ्यांसकट चौथऱ्यावर आपटली आणि तिच्या ठिकऱ्या उडाल्या. आतला दगड काळा आणि ओला होता. छातीत भाला घेऊन पडलेला तो बिनतोंडाचा माणूस सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिला.

मग जे झालं त्याला मारामारी म्हणणं फार सौम्य होईल. लेझमीच्या दांड्या, उसाचे कोयते, तंबूच्या खुंट्या, हाताला येईल ते चाललं. एकाचा कान लोंबत होता आणि तो तरीही मारत होता. एका बाईने दुसरीचं डोकं ढोलाच्या कडेवर आपटलं, दोनदा. काल एकमेकांच्या घरचा कुरडयांचा चीक घाटायला गेलेल्या बायका त्या. ईश्वरी चौथऱ्याकडे धावली, कारण अण्णा तिथे होते. तिला दिसल्या त्या सार्थकला घेरून वरखाली होणाऱ्या काठ्या, त्यांच्यात अण्णांचा पांढरा सदरा, आणि मग तो सदरा लाल होताना. शेंदूर असेल असं तिला वाटलं. तो शेंदूर नव्हता.

दुपारी जिल्ह्याच्या दवाखान्यात काशिनाथच्या डोक्याला टाके पडले. सार्थकला मात्र खालच्या मजल्यावर शवागारात ठेवलं होतं. पोलिसांनी वरल्या आळीतले अकरा जण उचलले. तीनच्या सुमाराला गावाकडून फोन आला, की उरलेल्यांनी घण घालून वीरगळाची खडी केली. अप्सरा, गुरं, भाला, काही म्हणता काही उरलं नाही. आता झुंजारबाबा फक्त तिच्या वाचनात शिल्लक होता.

विद्यापीठातल्या डॉ. केळुसकरबाईंचाही फोन आला. त्यांनी बातमी ऐकली होती. "तुमचं वाचन यंदाचं सर्वांत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नकार दिलात तरी मी समजू शकते. मग यंत्र मात्र आजच परत पाठवावं लागेल. प्रवेश घेतलात तर ते तुमच्याकडेच राहील."

पाच वाजायला वीस मिनिटं होती. पडद्यावर दोन चौकोन होते, स्वीकार आणि नकार.

"नकार दाब, ईशे," काशिनाथ खाटेवरून म्हणाला. "तुज्या त्या यंत्रानं गावाचं मसण केलं. नर्सबाई हो, लोकांस्नी बरं कर."

ईश्वरीला त्यात चूक काही दिसेना. एका तरण्या माणसाचा जीव गेला होता आणि तो तिच्या हौसेपायी गेला, असं ती स्वतःला सकाळपासून शंभरदा म्हणाली होती. नाकारलं की सगळं पुसलं जाणार, आणि पुसलेलंच बरं. तिने बोट पुढे केलं, तेवढ्यात दार ढकलून हौसाकाकू आत आल्या. पदराला रक्त वाळलेलं, पण डोळे कोरडे ठणठणीत. ईश्वरी भिऊन उठली. ही बाई आपल्याला मारणार आणि मारलं तर तिला अडवायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

काकूंनी हात उचलला नाही. त्या यंत्राकडे बघत होत्या.

"काठ्यांचं वळ लई हायत त्याच्या अंगावर," त्या म्हणाल्या. "पर जीव गेला तो येकाच घावानं, डाक्टर म्हनला. टाळूवर, मागनं. अकरा जनांतला योक बी कबूल होईना. तुजं हे दगुड वाचायचं यंत्र, हाडावरला घाव वाचतंय का गं?"

वाचत होतं. केळुसकरबाईंनी जुन्या रणांगणावरच्या कवट्या याच यंत्राने वाचल्या होत्या. "वाचतं, काकू," ईश्वरी म्हणाली.

खाटेवर काशिनाथने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, दोन्ही हात आत घेऊन. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. "मी भाईर बाकड्यावर बसते. तुजं काय ते ठरव," म्हणून त्या गेल्या.

दार लागलं. ईश्वरीने बापाकडे पाहिलं, आणि बाप भिंतीकडे बघत होता.

"अण्णा?"

 तो भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "तो खोळ काढीत हुता. माज्या हातात समई हुती. आज्यानं, पणज्यानं, समद्यांनी मला येकच काम दिलं हुतं, ईशे. खोळ सुटू द्यायची न्हाई. म्या इचार केला न्हाई, हात उठला. येकदाच."

 ईश्वरीला संताप आला, आणि त्याच दमात त्या टाके घातलेल्या डोक्याला मांडीवर घ्यावंसं वाटलं. अकरा जण कोठडीत होते. त्यांनी काठ्या मारल्या होत्या, ते काही सोवळे नव्हते. पण ज्या घावासाठी ते उद्या जन्मभर खितपत पडणार होते, तो त्यांचा नव्हता.

"नकार दाब," काशिनाथ हुंदका देत म्हणाला. "यंत्र परत जाईल. कुनी वाचनार न्हाई. आपल्या घराण्यानं न्हाई का दोनशे वरसं झाकून ठिवलं? भांडण मिटलंच हुतं की!"

"मिटलं कुठं होतं, अण्णा?" ती म्हणाली. "दर चैत्रात एका पोराला पाठ फिरवून चालायला लावत होतो. आणि मीही हसत होते."

काशिनाथने डोळे मिटून घेतले.  कलेचा इतिहास म्हणजे लेण्या बघत हिंडायचं, चित्रांवर सुंदर सुंदर लिहायचं, असं स्वप्न तिने बारावीत पाहिलं होतं. त्या विषयाची पहिली परीक्षा शवागारात द्यावी लागेल आणि उत्तर आपल्याच घरात निघेल, हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. नाकारलं तर ती उद्यापासून लोकांच्या जखमा बांधायला शिकली असती. ते काम वाईट नव्हतं. फक्त या एका जखमेवर पट्टी बांधताना ती जखम कुणी केली हे तिला माहीत असलं असतं आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

पाचला चार मिनिटं कमी असताना तिने 'स्वीकार' दाबलं. धाडस वगैरे काही वाटलं नाही.  तिने यंत्र उचललं, बापाच्या उशाशी पाण्याचा तांब्या सरकवून ठेवला आणि ती दाराकडे वळली.

"ईशे," मागून काशिनाथचा घोगरा आवाज आला, "मी तुजा बाप हाय गं."

तिला रडू फुटलं, पण पाय थांबले नाहीत. बाहेर बाकड्यावर हौसाकाकू सरकून बसल्या आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली. ईश्वरी बसली नाही. काकूंनी तिच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग तिच्या ओल्या चेहऱ्याकडे, आणि मग तिच्यामागच्या अर्धवट उघड्या दाराकडे.

"जे दिसंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते समदं सांगशील न्हवं?"