वेगळं पान

लविना रेबरला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच त्या दिवशी मार्लिसचं काम होतं. आमिश या जुन्या ख्रिस्ती पंथाची माणसं स्वतः मोटार चालवत नाहीत, पण दुसऱ्याने चालवलेल्या मोटारीत बसायला त्यांना मनाई नाही. त्यामुळे ओहायोच्या त्या भागात मार्लिसच्या व्हॅनला बारा महिने गिऱ्हाईक असे. नोव्हेंबर सरत आला होता. मका कापून नेलेल्या शेतांवर दुपारपासूनच धुकं बसलं होतं आणि रस्त्यावरच्या घोडागाड्यांचे लाल दिवे दिवसाढवळ्या लुकलुकत होते.

मार्लिसचा नवरा वेंडल वसंतात गेला होता. ती रडली नव्हती. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. पण तो धीर नव्हता. तिला काही होतच नव्हतं. जेवायची, झोपायची, गाडी चालवायची. कुणी जवळ घेतलं तर त्या हाताचं वजन कळायचं, ऊब कळायची नाही.

दवाखान्यापाशी उतरताना लविनाने पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढली आणि मार्लिसच्या मांडीवर टाकली. मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली बाई शेताकडे बघत उभी होती.

"हे काय गं? तुम्ही वाचता असलं?"

"गुपचूप वाचतो," लविना म्हणाली. "आमच्यावर लिहिणाऱ्या बायका आमच्यातल्या नसतात गं. हिची नायिका घोडा असा जुंपते, की बिचारा गाडीतच येऊन बसेल! पण तू वाच. आम्हाला हसू येतं, तुला रडू येईल."

"मला नाही येत रडू."

"म्हणून तर देतेय."

काच वर करून मार्लिस वाचत बसली. गोष्ट रूथ नावाच्या आमिश बाईची होती. तिच्या नवऱ्यावर चर्चच्या मंडळीने बहिष्कार घातलेला. त्याने घरातच राहायचं, पण त्याचं पान वेगळ्या टेबलावर मांडायचं, आणि हातातून हातात काही द्यायचं-घ्यायचं नाही. रूथ ताटली खाली ठेवायची, हात मागे घ्यायची, मगच तो ती ओढून घ्यायचा. असं वर्षानुवर्षं. पुढे पुढे त्याचा चेहराही तिला नीट आठवेनासा झाला, समोर असून.

मार्लिसने ते पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून समोरच्या धुक्याकडे बघत राहिली.

अर्धांगवायू झाल्यापासून वेंडल शेवटपर्यंत मागच्या खोलीत पडून होता. ती तबक घेऊन जायची, स्टुलावर ठेवायची, हात मागे घ्यायची आणि खोलीतून निघायची. तो चांगला हात लांब करून स्टूल ओढायचा. स्टुलाच्या पायांचा फरशीवर खरखर आवाज यायचा. भांडण नव्हतं. राग नव्हता. तिला कुठल्याही मंडळीने सांगितलं नव्हतं. रूथवर निदान सक्ती होती. आपल्यावर कुणाची होती? तिने मनात चाचपून पाहिलं. दुखेल असं वाटलं होतं, पण तिथेही काही लागलं नाही.

दवाखान्यातून लविना बधिर गाल सावरत आली. "एनोशकडे थांबू या," ती बोबडं बोलली. "वहिनीला भोपळे द्यायचेत. खाली ठेवून निघू."

लविनाचा भाऊ एनोश रेबर. त्याने चोरून मोटार चालवायचा परवाना काढला आणि ट्रकवर काम धरलं, तेव्हापासून त्याच्यावर बहिष्कार होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे.

भोपळे ठेवून निघणं कसलं! वहिनीने, मॅटीने, दोघींना हाताला धरून बसवलं. स्वयंपाकघरात रॉकेलचा दिवा भणभणत होता. कोंबडीचा रस्सा, बटाटे, बीटचं लोणचं आणि ओल्या लोकरीचा वास. खिडकीपाशी लहान टेबल होतं, मोठ्या टेबलापासून बोटभर अंतर राखून मांडलेलं, वेगळ्या रंगाच्या मेणकापडाचं. एनोश तिथे बसला होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या, मनातल्या मनात प्रार्थना केली, आणि चमचे वाजू लागले.

मार्लिसच्या लक्षात आलं, लहान टेबलावर दोन पानं मांडली आहेत. तिने मॅटीकडे वाकून विचारलं, "अजून कुणी यायचंय का?"

"येतील कशाला? आलेत की," मॅटी म्हणाली. "तुझ्याबरोबरचेच ते. व्हॅनमधून तुझ्यामागे उतरले ना? मी म्हटलं, तुम्हाला कसली बंदी, मोठ्या टेबलावर बसा. तर म्हणाले, वेगळं बसायची सवय आहे."

मार्लिसने वळून पाहिलं. एनोशसमोरची खुर्ची मागे सरकवलेली होती. ताटलीत अर्धं खाल्लेलं बटाट्याचं ढेकूळ.

"आत्ताच उठले," एनोश म्हणाला. "गाडीत बसतो म्हणाले. आजारी आहेत का गं? पाव पुढे केला तर हात लावेनात. म्हणाले... खाली ठेवा, मग घेतो."

लविनाने चमचा खाली ठेवला.

"माझ्याबरोबर कुणी नव्हतं," मार्लिस म्हणाली. तिला आपलाच आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

अंगणात आल्यावर लविनाने व्हॅनकडे नजर टाकली आणि पायरीवरच थांबली. शाल घट्ट ओढून घेत म्हणाली, "मी... आज इथेच राहते."

"का गं?"

"राहते. तू जा." मग खूप हळू, "हळू चालव..."

मार्लिस एकटी निघाली. धुक्यात दोन्हीकडची कुंपणं बुडाली होती. आता भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. ती भीतीची वाट बघत होती, आणि ती येत नव्हती. गाडीत औषधांच्या स्पिरिटचा आणि शिळ्या उशीचा वास भरला होता. तिने काच खाली केली नाही.

ओढ्यावरच्या पुलापाशी गाडी टिंग-टिंग वाजायला लागली. समोरच्या डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला होता. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की लागतो तो. सीट रिकामी होती. टिंग-टिंग थांबेना.

मार्लिसने गाडी कडेला घेतली. बराच वेळ स्टिअरिंग धरून बसली. मग वाकली, पलीकडे हात घातला आणि पट्टा ओढून आणला. रिकाम्या सीटवरून तो सहज यायला हवा होता. आला नाही. मध्येच अडला. तिने आणखी ओढला, मनगटाच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकलं, मऊ, थंड. तिने हात तसाच ठेवून बक्कल लावलं. टिंग-टिंग थांबलं.

गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदाच तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं, पण ते पुसायला तिने स्टिअरिंग सोडलं नाही. फक्त एकदा तिने शेजारी पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. पट्टा मात्र कुणाच्या छातीवरून जावा तसा हवेत पुढे आलेला होता, आणि हळूहळू ताणला जात होता... सैल होत होता... पुन्हा ताणला जात होता.