यंत्राचा वाटा

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या डोळ्यांदेखत ती घडली, त्या मिन-शूने ती मला स्वतः सांगितली. आणि सांगताना, दिवसभर स्क्रू फिरवणारे तिचे हात मांडीवर निश्चल पडून होते. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तैपेई शहर. चांद्र वर्षाचा सातवा महिना... मृतांच्या सुट्टीचा. या महिन्यापुरतं त्यांच्या जगाचं दार उघडं असतं.

पंधरावी तिथी, दुपारचे तीन.

कॉम्प्युटर-बाजाराच्या गल्लीत दुकानादुकानापुढे नैवेद्याची मेजं लागली होती. ज्यांच्या मागे आठवण काढणारं कुणी उरलं नाही, अशा भटक्या मृतांसाठी फळं, शिजवलेली कोंबडी, बिस्किटांचे पुडे.

उदबत्त्यांच्या धुरातून लो चिन-शान आला. निवृत्त बसचालक. छातीशी एक जुना कॉम्प्युटर, आजारी मूल धरावं तसा धरलेला.

"काका, आज?" आपल्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातून मिन-शू म्हणाली. "या महिन्यात माणसं नवी चप्पलसुद्धा घेत नाहीत हो!"

"मला हौस आलेली नाही, पोरी. हे ऐक."

त्याने मशीन सुरू केलं.

टक्... टक्... टक्.

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय," ती हळूच म्हणाली. मग तिची नजर मशीनवरच्या हिरव्या पुडीवर गेली. "आणि ही काय? मुदत संपून तीन वर्षं झाली! रुसणार नाही तर काय करेल ते?"

इथल्या प्रत्येक यंत्रावर ती पुडी असते. नारळाच्या स्वादाचे मक्याचे पोंगे. यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, न फोडलेली हवी, मुदतीतली हवी.

"पुड्या वान-युन बदलायची," लो म्हणाला.

वान-युन त्याची मुलगी. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती नवी पुडी ठेवी आणि जुनी फस्त करी. शेवटचा एक पोंगा मात्र पुडीतच राखी. 'हा यंत्राचा वाटा, बाबा. राबतं बिचारं.' तीन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून कामाला गेली, आणि स्कूटर तेवढी परत आली.

लोने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बसच्या वेळापत्रकाच्या पाठीवर तिच्या हातची यादी होती. दोघांनी मिळून बांधायचा ठरवलेला खेळांचा कॉम्प्युटर: कोणता प्रोसेसर, कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती पंखे, पेटी पांढरीच. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित:

*दोन डिस्क. जुळ्या. एकीने डोळे मिटले तर दुसरीला सगळं आठवायला हवं.*

"तिला कळत होतं," मिन-शू म्हणाली.

"या जुन्या डिस्कवर तिचं घर आहे. खेळातलं. विटा-विटांनी तिने बांधलेलं. मला त्यात नुसतं चालता येतं, बाणांच्या कळांनी. बांधायचं शिकव म्हटलं की म्हणायची, तुम्ही चाला बाबा, बांधायचं माझ्याकडे लागलं." त्याने कागदाची पुन्हा घडी घातली. "ते घर गेलं, तर माझ्याकडे काही म्हणजे काही उरत नाही, पोरी."

मिन-शूने सगळी कामं बाजूला सारली.

डिस्क कण्हत राहिली. शेवटची फाईल नव्या डिस्कवर उतरली... आणि टकटक थांबली. कायमची.

तीन दिवसांनी पांढरा कॉम्प्युटर लोच्या घरी उभा राहिला. आत दोन जुळ्या डिस्क. वर ताजी हिरवी पुडी, पुढल्या वसंतापर्यंतच्या मुदतीची. मिन-शूने ती कानाशी हलवून दाखवली. खळखळली.

"भरगच्च आहे. हात लावायचा नाही हां, काका! भूक लागली तर खाली नूडल्सवाला आहे."

लो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रोज दुपारी तो त्या घरात फिरू लागला. खिडकीपाशी मेज. मेजाशी एक खुर्ची. दार बंद. 'दार लावा बाबा, राक्षस शिरतील,' असं ती ओरडायची, आणि तो खऱ्या घराचं दार लावायला उठायचा.

चौथ्या दुपारी मेजाशी दोन खुर्च्या होत्या.

त्याने डोळे चोळले. पाचव्या दुपारी... पुन्हा एकच.

सहाव्या दुपारी दोन. आणि दार सताड उघडं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त खेळाचा आवाज बंद केला. आवाज बंद असताना खोलीत ऐकू आलं...

कुर्रम्.

अगदी बारीक. कुरकुरीत पापडावर दात पडावा तसं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, त्याने अखेर बोलावलं म्हणून मिन-शू आली. तिने दोन्ही डिस्क तपासल्या.

"जुळ्या डिस्क जुळ्या राहिलेल्या नाहीत," ती म्हणाली. "मशीन लिहितं दोघींवर, पण वाचताना कधी हिला विचारतं, कधी तिला. म्हणून तुम्हाला कधी एक खुर्ची दिसते, कधी दोन. पण एकीवर वेगळं लिहिलं कुणी? तुम्ही?"

"मला खुर्ची मांडता येत नाही."

"घरी कुणी आलं होतं?"

"माझ्याकडे कोण येतंय?"

खाली गल्लीत कुणीतरी शेवटचा नैवेद्य मांडत होतं.

"जुळवायच्या तर एकच मार्ग," ती म्हणाली. "एक डिस्क खरी धरायची. दुसरीवर तिचीच नक्कल उतरवायची. दुसरीवरचं पुसलं जाईल."

"पहिली धर. वान-युनने सोडलं तसं घर आहे तिच्यावर."

"काका, आजचा दिवस जाऊ द्या ना. आज रात्री मृतांचं दार बंद होतं. उद्या बघू."

"उद्यापर्यंत ते काय काय हलवेल!" लो एकदम उसळला. "या महिन्यात पाठीमागून नावाने हाक आली तरी ओ द्यायची नसते, हे मी तुला सांगू? भटकं कुणीतरी शिरलंय. उपाशी, बेवारशी. माझ्या पोरीच्या खुर्चीत बसलंय! पूस. आत्ता पूस."

तिने कळ दाबली.

पट्टी सरकू लागली. लो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. चार तास गेले.

एकदाच, मध्येच, पंखे सगळे एकदम थांबले... आणि कुणी दीर्घ श्वास सोडावा तसे पुन्हा सुरू झाले.

"झालं," मिन-शू म्हणाली.

पडद्यावर घर होतं. एक खुर्ची. बंद दार. दोन्ही डिस्कवर अगदी तेच.

आवरताना तिने पेटीवरची हिरवी पुडी उचलली, आणि तिचा हात हवेतच थांबला.

पुडी हलकी होती.

तिने उलटसुलट करून पाहिली. शिवण शाबूत. कुठे चीर नाही, भोक नाही. हवा भरलेली, टम्म.

"काका... तुम्ही?"

"नाही."

तिने पुडी कानाशी नेली आणि हळूच हलवली.

खुट्.

पुन्हा हलवली.

खुट्... एकच. आत एकच पोंगा होता.

लोने पुडी तिच्या हातातून घेतली. भटक्या भुकेलेल्याने शेवटचा दाणाही ठेवला नसता, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. यंत्राचा वाटा राखणारं या जगात एकच माणूस होतं.

"मिन-शू," तो म्हणाला. आवाज इतका खाली, की तिला वाकावं लागलं. "ती दुसरी खुर्ची... मला होती गं. दारही माझ्यासाठीच उघडं ठेवलं होतं. परत आण. आणता येतं ना? तू सगळं परत आणतेस."

मिन-शूने आठ दिवस प्रयत्न केला. पुसलेल्यावर नवं लिहिलं गेलं होतं. काही निघालं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. ते घर सुरक्षित आहे, दोन ठिकाणी, विटेला वीट जुळवून. दोन जुळ्या डिस्क टाकाल का, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मिन-शू अजूनही आधी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवते. का वेगळ्या झाल्या होत्या त्या, हे तिला आजवर सांगता आलेलं नाही.

लो मात्र दर सातव्या महिन्यात घराचं दार उघडं ठेवतो. पांढऱ्या पेटीसमोर दोन खुर्च्या मांडतो. आणि रोज दुपारी, तीनच्या सुमारास, हिरवी पुडी कानाशी नेऊन हलवतो.

खळखळते.

भरगच्च.