लिन साहेबांचा व्हिसा

फेरी पहिली : गेट

चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवर तो 'वेलकम' लिहिलेला पुठ्ठा धरून उभा होता. ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

पिंपरीहून दोन बस बदलून आलेली तनुजा त्याच्याच शेजारी थांबली. तिला न्यायला कुणीतरी येणार होतं.

"कुणाची वाट बघताय?"

"चीनच्या मॅडम यायलेत. दुभाषी. मी ज्योतीराम, मेंटेनन्सचा."

"आणि हे पुटपुटणं?"

"नी हाओ. सकाळपासून घोकायलोय. बरोबर आहे का कुणास ठाऊक."

"'नी' जरा वर न्या... 'हाओ' खाली सोडा."

त्यानं तसं म्हटलं. मग चमकून तिच्याकडं पाहिलं.

"तुम्ही... चीनच्या?"

"पिंपरीच्या. चिनी शिकलेय फक्त."

त्याचं तोंड पुठ्ठ्यामागं गेलं. लाल झालेले कान तेवढे बाहेर राहिले.

फेरी दुसरी : पडदा

यंत्र चीनहून आलं होतं, गाड्यांच्या बॅटऱ्या जोडणारं. ते बनवणारे लिन साहेब मात्र येऊ शकत नव्हते. सीमेवर तणाव, दिल्ली गप्प, बीजिंग गप्प, व्हिसा अडकलेला. मग रोज सकाळी दहाला लिन साहेब पडद्यावर, ज्योतीरामचं डोकं यंत्रात आणि मधे तनुजा.

"लिन साहेब म्हणतात, गाढवा, तिथं हात घालू नकोस."

"खरंच गाढव म्हणाले?"

"दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नसतं."

"मग शिवी इतकी गोड कशी लागली?"

"...निळी वायर धरा म्हणतात."

हेडफोन तिच्या कानाला रुततो, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. एका सकाळी पाहते तर त्याला स्पंजचे दोन गोल तुकडे चिकटवलेले. ज्योतीराम यंत्रात डोकं घालून. जरुरीपेक्षा जास्तच आत.

फेरी तिसरी : बातमी

दोन्ही देशांचे नेते भेटले. हसले. हात मिळवले. जगाचा तराजू आता आशियाकडं झुकणार, असं कॅन्टीनच्या टीव्हीवर कुणीतरी सांगत होतं.

"व्हिसा सुटला!" मॅनेजर दादासाहेब ओरडतच आले. "लिन साहेब सोमवारी येतायत, वर्षभरासाठी. सोबत इंग्रजी येणारा माणूसही आणतायत. तनुजाताई, शनिवारी तुमचं काम संपलं बघा!"

टाळ्या पडल्या. तनुजानंही वाजवल्या. पण सोमवारपासून चाकणला यायचं कारणच उरणार नव्हतं. हे दोन देश अजून वर्षभर रुसून राहिले असते तर... असं वाटणारी ती जगात एकटीच असेल.

एकटी नव्हती. ज्योतीराम टाळ्या वाजवत नव्हता.

फेरी शेवटची : शनिवार

यंत्र सुरळीत चाललं होतं. विचारायचं काहीच उरलं नव्हतं. तरी ज्योतीराम पडद्यासमोर येऊन उभा राहिला, हात पुसत... पुसलेलेच हात पुन्हा पुसत.

"सांगा साहेबांना – या मॅडम मला लई आवडतात. पण बोलायचा धीर होईना."

तनुजानं श्वास घेतला. पदरचं काही न घालता, काही न गाळता तिनं ते चिनीत सांगितलं. आवाज फक्त एकदाच हलला.

लिन साहेब पडद्याला नाक लागेल इतके पुढं आले. खुशीत काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मला कशाला सांगतोस? तिच्याकडं तोंड कर."

त्यानं केलं.

तनुजानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आता हे माझं. उद्या रविवार. मोशीच्या स्टॉपवर पाच वाजता. आणि मॅडम म्हणालास तर येणार नाही."

"तनुजा," तो म्हणाला. इतक्या हळू, की यंत्राच्या आवाजात ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

पडद्यावर लिन साहेब दोन्ही हात हलवत ओरडत होते.

"काय झालं त्यांना?"

"विचारतायत, काय ठरलं."

"मग सांग की!"

ती पडद्याकडं वाकली. आधी चिनीत आणि मग त्याच्यासाठी मराठीत म्हणाली,

"हा द्विपक्षीय प्रश्न आहे. तिसऱ्याची मध्यस्थी नको."

आणि तिनं कॉल कट केला.