पंचावन्न ओहम

मनकर्णाने हाक मारली तेव्हा वायरमन सूर्यभान शेजारच्या पार्वताबाईंचा दिवा दुरुस्त करून निघालाच होता. एकेचाळीस सालची थंडी, अकोल्याच्या जुन्या शहरातली एक खोली, दोन वर्षांच्या वच्छलीचा खोकला… चार रात्री मनकर्णाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बाजारातून विजेची जुनी शेगडी आणली खरी, पण लावायची छाती होईना.

"लावली तं आग नाही ना लागनार?"

"मोजून पाहू ना, बाई." सूर्यभानने पिशवीतून दोन मीटर काढले. "दोनशेवीस व्होल्ट. चार अ‍ॅम्पिअर. आता याचा अर्थ तुमी सांगा. मले मोजता येते, हिशेब येत नाही."

नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी, लग्नाच्याही आधी, ती अमरावतीच्या कॉलेजात सायन्स शिकली होती. आता मुलींच्या सकाळच्या शाळेत शिकवायची, वच्छलीला सोबत नेऊन. तिने पाटी घेतली.

"व्होल्टला अ‍ॅम्पिअरनं भागलं की रोध… पंचावन्न ओहम. दोघांचा गुणाकार केला की शक्ती, आठशेऐंशी वॅट. वायर किती सोसते?"

"पाच अ‍ॅम्पिअर."

"मग चालते." तिने दमून कपाळावरची बट मागे सारली. तिथे खडूची रेघ उमटली. तो बघतच राहिला.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही… खडू लागला."

मग तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. "जुनी शेगडी हाय, मोजत राहा लागते." तिच्याकडे पाठ करून काहीतरी खुडबुड करायचा आणि आकडा सांगायचा. साडेतीन. मग तीन. ती भागाकार करायची, तो कोपऱ्यात उकिडवा बसून बघायचा. वच्छलीसाठी कधी संत्रं आणायचा.

एका दुपारी म्हणाला, "दोन अ‍ॅम्पिअर."

तिने भागलं. एकशेदहा. म्हणजे शक्ती निम्मी, ऊब निम्मी. तिने शेगडीपुढे हात धरला. ऊब पहिल्या दिवसाइतकीच होती.

"पिशवी दाखवा."

पिशवीत पक्कड होती, मीटर नव्हते.

"माझी पोर या आकड्यांच्या भरवशावर निजते!" तिचा आवाज फाटला. "खोटं कावून सांगतलं?"

"पहिल्या दिवशीचं खरं होतं, बाई. मीटर कंपनीत जमा झाले. पन… रोज चारच सांगतले असते तं तुमी पाटी कावून घेतली असती?"

तिला रागवायचं होतं. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

"उद्या मीटर घेऊन या. मी सोता वाचीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मीटर मागून घेऊन आला. दार सताड उघडं, अंगणात पार्वताबाई सांडगे घालत होत्या. मनकर्णाने काटे वाचले. दोनशेवीस. चार.

"पंचावन्न," तो हळूच म्हणाला. "एवढं शिकलो."

तिने दोन्ही आकडे पाटीवर लिहिले.

"माय म्हणे… बाईले इचार. आपल्यात बाईचं दुसरं लगन होते, पाट लागते. पोरगी मले जड नाही."

मनकर्णाने वच्छलीकडे पाहिलं. झोपेत गाल लाल झाले होते, खोकला नव्हता. दीड वर्षात तिने लेकीची राखण कुणाच्या हवाली केली नव्हती.

"सूर्यभान…"

"हौ?"

"शेगडीवर ध्यान ठेवा. पोरीच्या गोधडीवरही." तिने भिंतीशी चटई ओढली. "मी जराशी निजते. उठल्यावर मायले काय सांगाचं थे सांगीन."

तो मीटरपुढे मांडी घालून बसला. अंगणातून पार्वताबाईंनी डोकावून विचारलं, "काय म्हणते मीटर?"

"चार," तो कुजबुजला. "हळू बोला, आजी. दोघी निजल्या."