तीन मिनिटांची तालीम

"बाई, इथून विलायतेले फोन लागते का हो?"

कौसल्येनं पोस्टातल्या टेलिफोनच्या बोर्डावरून मान वर केली. खिडकीच्या गजांपलीकडे एक उंच, सावळा तरुण उभा होता. केसांवर, मिश्यांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा कापसाचे तंतू. जानेवारी म्हणजे दिग्रसात कापसाचे दिवस. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग पोस्टासमोरून सरकायची आणि अख्ख्या गावावर पांढरी भुरभुर उडत राहायची. पण हा तर थेट पिंजाऱ्याच्या दुकानातून उठून आल्यासारखा दिसत होता. तिला हसू आवरेना.

"काहून हसता? लागत नाही का?"

"लागतो," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे... लागत असावा. आजवर कुणी विचारलंच नाही."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. सन त्रेसष्टचं दिग्रस ते. व्यापारी अकोल्याला, फार तर मुंबईला ट्रंक कॉल लावून कापसाचा भाव विचारायचे. बाभुळगावच्या कौसल्येला टेलिफोन खात्यात लागून वर्ष होत आलं होतं, मामाकडे राहून ती नोकरी करायची, पण समुद्रापलीकडे तिनं कधी हाक मारली नव्हती.

तरुणाचं नाव घनश्याम. गावापासून कोसभरावर त्याची शेती. थोरला भाऊ रामराव कापडाच्या कामाचं शिक्षण घेऊन विलायतेला एका गिरणीत लागला होता. पत्रं नेमानं यायची, पण आईचं, इंदूबाईंचं, पत्रांनी भागेना.

"माय म्हणते, कागदाले काय आवाज असते का? एकदा त्याले बोलताना ऐकू दे."

कौसल्येनं यवतमाळला विचारून दर काढला. तो ऐकून घनश्यामनं डोक्यावर हात मारला. पापण्यांवरचा कापूस उडाला.

"तीन मिनिटाचे एवढे? एवढ्यात तर माणूस रेल्वेनं मुंबईले जाऊन वापस येईन!"

"आणि एका मिनिटात बोलून झालं तरी पैसे तीन मिनिटांचेच," ती म्हणाली. सांगताना तिलाच अपराध्यासारखं वाटलं.

त्यानं डोक्यावरचा हात काढून गज धरले. मग म्हणाला, "लावा. मायच्या कानापेक्षा महाग नाही."

त्या वाक्यानं कौसल्या पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहती झाली.

पहिला कॉल पार वाया गेला. यवतमाळ, नागपूर, मुंबई अशी माळ ओवत ओवत लाईन विलायतेला पोचली, तेव्हा तिकडे रामरावच्या घरमालकिणीनं फोन उचलला. ती त्याला बोलवायला गेली आणि मिनिटं चालू झाली. तो आला, आणि इकडे पोस्टातल्या फोनच्या लाकडी कोठीत इंदूबाईंनी त्याचा आवाज ऐकताच जो पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. तिकडून "माय... माय, बोल ना," आणि इकडून नुसते हुंदके. घनश्यामनं रिसीव्हर घेईपर्यंत तीन मिनिटं संपली आणि मुंबईच्या ऑपरेटर बाईनं लाईन तोडली.

इंदूबाई बाहेर आल्या. कौसल्येला काही बोलल्या नाहीत, तक्रार केली नाही. घनश्यामला इतकंच म्हणाल्या, "बरा असन ना रे तो?" आणि निघून गेल्या. त्या दिवशी कौसल्येला डबा गोड लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं यवतमाळच्या विमलताईंना गाठलं. विमलताई जुन्या ऑपरेटर, बोर्डावरच केस पांढरे झालेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, पर्सनल कॉल लावायचा. नाव सांगून. तो माणूस प्रत्यक्ष फोनवर आला की मग मिनिटं मोजतात. नसलाच घरी, तर थोडक्यात सुटका. आणि पत्रानं वेळ आधी कळवायची, म्हणजे तो फोनपाशीच बसून राहील."

कौसल्येनं मनाशी ठरवलं, आता तो आला की सांगायचं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण दर गाडीवरून उतरणाऱ्या उंच माणसाकडे मान वळवून बघतो आहोत.

तो आला आठ-दहा दिवसांनी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं. पण माय रडली त्याचं काय? रडण्याले काही पर्सनल कॉल नसते."

"त्यावर एक उपाय आहे," कौसल्या म्हणाली. "तालीम करायची. त्यांना कोठीत बसवा. मी बोर्डावरून रामराव होऊन बोलते. गावातल्या गावात, त्याला पैसे पडत नाहीत."

घनश्याम तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही? माहा दादा होसान?"

"का? नाही जमणार?"

"जमन. पण दादाचा आवाज इतका गोड नाही."

कौसल्या एकदम बोर्डाकडे वळली. कुणाचा तरी फोन आल्याची झडप बोर्डावर पडली आहे असं दाखवून तिनं एक प्लग उगीच काढला, उगीच लावला.

तालमी सुरू झाल्या. पोस्टमास्तर किसनराव भला माणूस; दुपारी गर्दी ओसरली की चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्रात डोकं घालायचा. इंदूबाई कोठीत बसायच्या आणि कौसल्या आवाज जाड करून म्हणायची, "माय, मी रामा बोलून राह्यलो. कशी आहेस?" पहिल्या दिवशी इंदूबाई रडल्या. दुसऱ्या खेपेला हसल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी या रामरावला, थंडीत कानाला फडकं बांधत नाहीस म्हणून, असं काही झापलं की किसनरावांच्या हातातलं वर्तमानपत्र हललं.

आईची तयारी झाली. त्यांनी पोस्टात येणं थांबवलं. घनश्यामनं थांबवलं नाही.

"आता काय?" कौसल्येनं विचारलं.

"माही तालीम राह्यली ना. मले बी दादाशी बोलाचं आहे."

"तुम्ही कुठे रडता?"

"मी घाबरतो," तो शांतपणे म्हणाला आणि कोठीत जाऊन बसला.

कोठी आणि बोर्ड यांच्यात पाच-सहा पावलांचं अंतर. काचेतून तो तिला दिसायचा, ती त्याला. पण रिसीव्हर कानाला लावला की दोघंही खाली बघून बोलायची. तसं बोलणं सोपं जायचं.

"हॅलो, दादा?"

"हां, बोल रे. शेतात काय चाललंय?"

"तुरीच्या शेंगा भरल्या. आणि दादा... पोस्टात एक ऑपरेटर आली आहे."

"बरं मग?"

"लई कडक आहे. हसत नाही, हसली तर लपवते. अबोली घालून येते केसात. आज घातली नाही. काहून घातली नसन, दादा?"

कौसल्येच्या कानाची पाळी हेडफोनखाली गरम झाली. "मिळाली नसेल... बाजारात," ती म्हणाली. रामरावचा जाड आवाज काढायचं ती साफ विसरली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या खिडकीच्या कठड्यावर केळीच्या पानात बांधलेला अबोलीचा गजरा होता. ठेवणारा कापसाच्या गाडीबरोबर केव्हाच पुढे निघून गेला होता.

होळीनंतरच्या शनिवारी दुसरा कॉल लागला. रामराव फोनपाशीच बसून होता. इंदूबाईंनी एक थेंब न गाळता सगळं विचारलं, सगळं सांगितलं, आणि वर थोडा वेळ उरलासुद्धा! घनश्यामनं रिसीव्हर घेतला. मिनिटांवर लक्ष ठेवायचं म्हणून कौसल्या लाईनवर होती. रामरावचा आवाज दुरून, लाटांवर हिंदकळत आला.

"घनश्या, माह्या गिरणीत तुह्यासाठी जागा पाह्यली. परवानगीचे कागद बी होतीन. माय मोठ्या मामाकडे राहीन. इचार कर. पावसाळ्यात फोन करशीन तवा हो की नाही, पक्कं सांग."

तीन मिनिटं संपली. कौसल्येनं प्लग काढला. हात जरा वेळ दोरीवरच राहिला.

तो कोठीतून बाहेर आला. तिच्याकडे बघितलं आणि आईला धरून निघून गेला.

मग उन्हाळा गेला. पेरण्या झाल्या. घनश्याम फिरकला नाही. वखर, पेरणी, डवरणी, शेतकऱ्याला श्वास घ्यायला वेळ नसतो हे तिला ठाऊक होतं. पण मनाला ते पटत नव्हतं. पाऊस झोडपायचा, तारा ओल्या व्हायच्या, सगळ्या लाईनींमध्ये खरखर शिरायची. अबोली फुलली होती. ती माळत नव्हती.

पोळा झाला आणि तो आला. पायाला गाळ, डोक्यावर गोणपाटाची खोळ.

"येत्या शनिवारचा कॉल बुक करा."

तिनं मुकाट्यानं नाव लिहून घेतलं. "काय सांगायचं ते ठरलं?"

"ठरलं." तो घुटमळला. "एक तालीम करू का?"

नाही म्हणायचं असं तिनं ठरवलं होतं. पण तो कोठीत जाऊन बसलासुद्धा. तिनं हेडफोन चढवला.

"मग घनश्याम," ती हळू म्हणाली, "येतोस ना?"

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"जवाब तालमीत नाही देत," तो म्हणाला. "खऱ्या कॉललेच देईन."

शनिवारी सकाळपासून पावसानं उसंत घेतली नव्हती. दुपारी पोस्टात मनिऑर्डरवाल्यांची रांग होती, ओल्या छत्र्यांचा वास कोंदला होता. इंदूबाई बाकावर बसल्या होत्या, घनश्याम कोठीत. लाईन लागली, पण कशी? जणू नदीच्या पलीकडून कुणी कुजबुजतं आहे.

"हॅलो दादा! मी घनश्याम!"

"हॅलो? हॅलो? आयकू नाही येत!"

मुंबईची ऑपरेटर मध्ये पडली. "दिग्रस, तुमच्या पार्टीचा आवाज पोचत नाही. तुमचा पोचतोय. ते बोलतील ते तुम्ही सांगा. जसंच्या तसं, आणि मोठ्यानं. वेळ चालू आहे."

कौसल्येनं ओठांवरून जीभ फिरवली. "बोला," ती घनश्यामला म्हणाली.

"दादा, मी येत नाही."

"दादा, मी येत नाही!" कौसल्या मोठ्यानं म्हणाली. रांगेतली दोन-तीन डोकी वळली.

तिकडून रामरावचा पुसट आवाज. तिनं तो इकडे पोचवला. "विचारताहेत, काहून?"

"शेत सोडवत नाही. मायले सोडवत नाही."

तिनं सांगितलं. आवाज आपोआपच मोठा झाला होता.

"आणि मले इथंच लगन कराचं आहे."

कौसल्येनं हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"दिग्रस? बोला!" मुंबईनं टोकलं.

"आणि..." तिनं डोळे मिटून घेतले, "आणि मले इथंच लगन कराचं आहे!"

किसनरावांनी शिक्का हवेतच धरून ठेवला.

"ते विचारताहेत... कोणाशी?"

"टेलिफोनवालीशी," घनश्याम म्हणाला. काचेतून तो थेट तिच्याकडे बघत होता. या खेपेला त्यानं नजर खाली घातली नाही.

"टेलिफोनवालीशी," कौसल्या म्हणाली.

"मोठ्यानं, दिग्रस!"

"टेलिफोनवालीशी!"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. लाईनवर खरखर झाली, आणि तिच्यातून रामरावचा प्रश्न आला. तो पुढे पोचवताना कौसल्येला हेडफोनची दोरी घट्ट धरावी लागली.

"ते म्हणतात... तिले इचारलं का?"

"सांगा, आता इचारून राह्यलो."

"आता इचारून राह्यले," ती म्हणाली. ऑफिसातली नीटनेटकी भाषा कधीच निसटून गेली होती.

तिकडे विलायतेत रामराव हसला असावा. खरखरीतून तसंच काहीतरी आलं. मग स्पष्ट, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज आला, "मंग? काय म्हणते ती?"

कौसल्येनं कोठीकडे पाहिलं. पाऊस कौलांवर वाजत होता. कोठीत घनश्याम रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला होता.

"दिग्रस," मुंबईची बाई म्हणाली, तिचा आवाज आता निराळाच, मऊ झाला होता, "तीन मिनिटं संपत आली. वाढवायची का?"

"नाही," कौसल्या म्हणाली. "वाढवू नका. त्यांना सांगते." तिनं खोल श्वास घेतला. "हो म्हणते! हॅलो, आयकू आलं का? ती हो म्हणते!"

"आलं, आलं," मुंबई म्हणाली. "इथवर सगळ्यांना आलं."

आणि लाईन सुटली.

घनश्याम कोठीचं दार उघडून बाहेर आला, पण खिडकीपर्यंत यायचं त्याला धैर्य होईना. सगळं पोस्ट त्याच्याकडे बघत होतं. इंदूबाई मात्र बाकावरून उठल्या, पदर सावरला आणि सरळ गजांपाशी आल्या. कौसल्येचा चेहरा त्यांनी एकदा नीट न्याहाळला.

"तुये मायबाप कुठं राह्यते व पोरी?"

"बाभुळगावले," कौसल्या म्हणाली. मान काही वर होईना.

"मंगळवारी येतो म्हणा आमी. त्यायले कळव." इंदूबाई जरा थांबल्या. "आन हे पाय, हे कळवाले फोन नको लावू. यष्टीनं जाय, समोर बसून सांग. मायबापाले अशी गोष्ट तारेवरून नाही सांगत."

कौसल्येनं मान हलवली.

घनश्याम आईच्या मागून हळूच पुढे सरकला. "मंगळवारी," तो म्हणाला, "मी बी येऊन राह्यलो."

"तुमच्याशिवाय काय ठरणार?" ती पुटपुटली, आणि या वेळी हसू लपवलं नाही.

तेवढ्यात बोर्डावर एक झडप पडली. तिनं सवयीनं प्लग लावला, "नंबर प्लीज" म्हणायचं मात्र ती विसरली. पलीकडे जिनिंगचा कुणी मुनीम "हॅलो, हॅलो" करत राहिला, आणि कौसल्या हेडफोनवर हात ठेवून, पावसात आईच्या डोक्यावर गोणपाट धरून जाणाऱ्या त्या उंच पाठीकडे बघत राहिली.